अपवर्तनाचा नियम

अपवर्तनाचा नियम (स्नेलचा नियम) : एका पारदर्शक माध्यमातून दुसऱ्यात तिरपा शिरणारा प्रकाशकिरण सीमेवर किती वळतो, हे सांगणारा नियम. आपाती (येऊन पडणारा) व अपवर्तित (वळून पुढे जाणारा) किरण स्तंभिकेशी (सीमेवरील लंबरेषेशी) जे कोन करतात, त्यांच्या ज्यांचे (साइनचे) गुणोत्तर ठरावीक माध्यमांच्या जोडीसाठी व प्रकाशाच्या ठरावीक रंगासाठी स्थिर असते. हे गुणोत्तर म्हणजे दुसऱ्या माध्यमाचा पहिल्या माध्यमासापेक्ष अपवर्तनांक. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशासाठी हवेच्या संदर्भात तो पाण्याचा १.३३, क्राउन काचेचा सुमारे १.५२ व हिऱ्याचा २.४२ असतो. दोन्ही किरण व स्तंभिका एकाच प्रतलात असतात, हा नियमाचा दुसरा भाग पूर्वीपासून ज्ञात असून त्यावर वाद नाही. मराठीत ‘वक्रीभवन’ व ‘प्रणमन’ हे शब्दही रूढ आहेत. पैकी पहिला थोडा फसवा आहे, कारण एकजिनसी माध्यमात किरण कोठेही वक्र होत नाही, तो फक्त सीमेवर मोडतो.

श्रेयाचा प्रश्न : इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ग्रीक ज्योतिर्विद टॉलेमीने अंशांच्या खुणा केलेली तबकडी पाण्यात अर्धी बुडवून १०° ते ८०° पर्यंतच्या आपाती कोनांसाठी कोष्टक तयार केले. त्याचा ग्रंथ आज अरबीवरून झालेल्या बाराव्या शतकातील लॅटिन भाषांतरातूनच हाती लागतो. पाण्यासाठीचे त्याचे अपवर्तन कोन ८, १५.५, २२.५, २९, ३५, ४०.५, ४५.५ व ५० अंश असे आहेत. लगतच्या कोनांतील फरक ७.५, ७, ६.५ असा दर वेळी नेमका अर्ध्या अंशाने घटतो. निसर्ग इतका सरळ हिशेब पाळत नाही. ८०° ला खरा कोन सुमारे ४७.६° येतो. त्यामुळे काही आकडे मोजलेले व उरलेले या घटत्या क्रमात बसवलेले असावेत, हे मत अधिक पटण्यासारखे आहे.

बगदादशी संबंधित गणिती इब्न सह्‌ल याने ९८४ च्या सुमारास, समांतर किरण एकाच बिंदूत आणणाऱ्या भिंगाचा आकार शोधताना दोन काटकोन त्रिकोणांच्या कर्णांचे स्थिर गुणोत्तर वापरले. हे गुणोत्तर साइनच्या नियमाशी समतुल्य आहे, असे विज्ञानेतिहासकार रोश्दी राशेद यांनी १९९० मध्ये दाखवले. इब्न सह्‌लने कोन मोजल्याचा उल्लेख नाही व नियम स्वतंत्र विधान म्हणूनही मांडलेला नाही, हा आक्षेप रास्त आहे. तरीही त्याच्या भिंगाचा अपास्ताकार (हायपरबोलाच्या आकाराचा) पृष्ठभाग या गुणोत्तराशिवाय निघत नाही, म्हणून ज्ञानाच्या दृष्टीने अग्रक्रम त्याला देणे योग्य ठरते.

युरोपात इंग्रज गणिती टॉमस हॅरियट सुमारे १६०२ मध्ये नियमापर्यंत पोहोचला होता. त्याने जर्मन ज्योतिर्विद केप्लरला मोजमापे कळवली, नियम मात्र कळवला नाही. केप्लरला लहान कोनांपुरते आसन्न (अंदाजे) सूत्रच हाती लागले. लायडनचा विलेब्रॉर्ट स्नेल (१५८०–१६२६) सुमारे १६२१ मध्ये त्याच निष्कर्षावर आला, पण त्यानेही तो छापला नाही. साइनच्या रूपातील नियम छापून आला तो फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या १६३७ च्या ग्रंथात. देकार्तने स्नेलची हस्तलिखिते पाहिली होती, हा आरोप सतराव्या शतकातच झाला. तो सिद्ध झालेला नाही. फ्रान्समध्ये आजही दोघांची नावे जोडून घेतात.

देकार्तच्या उपपत्तीत प्रकाश दाट माध्यमात अधिक वेगाने जातो, तर फ्रेंच गणिती फेर्माच्या किमान काळाच्या तत्त्वात (प्रकाश सर्वांत कमी वेळेचा मार्ग घेतो; १६६२) तो मंदावतो. सूत्र दोन्हींतून तेच निघते. १८५० मध्ये फ्रेंच भौतिकीविद फूकोने पाण्यातील वेग हवेतल्यापेक्षा कमी असल्याचे दाखवल्यावर फेर्माची बाजू खरी ठरली.

पडताळा : काचेची आयताकृती चीप, चार टाचण्या व कोनमापक एवढ्यावर नियम तपासता येतो. चिपेची बाह्यरेषा आखून एका बाजूस आपाती किरणावर दोन टाचण्या किमान ५ सेंमी अंतराने रोवतात. पलीकडून पाहत त्यांच्या प्रतिमांच्या रेषेत आणखी दोन रोवतात. दोन्ही बाजूंच्या रेषा बाह्यरेषेला मिळतात ते बिंदू जोडले की काचेतील किरण मिळतो. पाहायचे ते टाचण्यांच्या बुडाकडे. टाचणी किंचित कललेली असली की डोके रेषेबाहेर जाते.

आपाती कोन ३०° ते ६०° ठेवावा. १० अंशांच्या आपाती कोनाला अपवर्तन कोन जेमतेम ६.६° असतो व त्यातील एका अंशाची चूक उत्तरात (अपवर्तनांकात) सुमारे १५ टक्के फरक पाडते. ५० अंशांना तीच चूक ३ टक्क्यांची असते. पेन्सिलीची रेषा हाही दुर्लक्षित दोष आहे. १८ मिमी रुंद चिपेभोवतीची रेषा दोन्ही बाजूंना अर्धा मिमी बाहेर पडली, तर ५० अंशांच्या आपाती कोनाला १.५० ऐवजी सुमारे १.४४ उत्तर येते. चीप समांतर सरकली तर उत्तर बदलत नाही, कारण निर्गत (बाहेर पडणाऱ्या) किरणाची रेषा जागची हलत नाही. चीप फिरली की मात्र बिघडते. उत्तर १ पेक्षा कमी आले, तर कोन स्तंभिकेऐवजी पृष्ठभागापासून मोजलेले असण्याचा संभव अधिक. एकेका वाचनाची सरासरी काढण्यापेक्षा आपाती कोनाची ज्या उभ्या अक्षावर व अपवर्तन कोनाची आडव्या अक्षावर घेऊन आलेख काढणे चांगले : रेषा आरंभबिंदूतून जात नसेल तर मांडणीत दोष आहे, हे लगेच कळते.

इतर तरंग : वेगांच्या गुणोत्तराच्या रूपात हा नियम ध्वनी व जलतरंगांनाही लागू पडतो. ध्वनीच्या बाबतीत चित्र उलटते : हवेत सुमारे ३४३ मी./से. असणारा वेग पाण्यात १,४८० मी./से. च्या आसपास जातो, म्हणून हवेतून पाण्यावर सुमारे १३° पेक्षा अधिक तिरपा पडणारा ध्वनी आत न शिरता पूर्णपणे परावर्तित होतो.