पुरवणीचा दोरा आणि संगणक : दहावीच्या परीक्षेची पार्श्वभूमी

ठाणे, रायगड, पालघर आणि मुंबईच्या दहावी-बारावीचा कारभार वाशीच्या विभागीय मंडळातून चालतो. हॉल तिकीट आणि निकाल केव्हाच ऑनलाइन झाले. उत्तर मात्र 1 जानेवारी 1966 रोजी राज्य मंडळ सुरू झाले तेव्हासारखेच आजही पेनानेच लिहिले जाते. बारावीचा माहिती तंत्रज्ञान विषय हा एक अपवाद. तो पेपर मुले संगणकावर सोडवतात. मग दहावीचा पेपरही संगणकावर का नाही?

आधी तपासणी पडद्यावर आणायचा प्रयत्न झाला. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठाने सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका ऑनस्क्रीन तपासायला घेतल्या. 31 जुलैची मुदत उलटली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. ठाणे-नवी मुंबईतल्या महाविद्यालयांनाही त्याची झळ बसली. अशा कामात खरी अडचण परीक्षकाच्या आधीच्या टेबलावर असते. पुरवणीचा दोरा कापायचा, पाने सुटी करायची, बारकोड वाचून स्कॅनरमध्ये घालायची. दोरा कापला की मूळ उत्तरपत्रिका आणि पुरवणी यांना जोडणारे काही उरत नाही. पुरवणीवर तोच बारकोड नसेल, तर ती भलत्याच गठ्ठ्यात जाते. दोन पाने चिकटून एकदम आत गेली तर मधले उत्तर परीक्षकाला दिसतच नाही. पेन्सिलची फिकट आकृती पुसट उमटते. म्हणून दोरा कापण्याआधी पुरवण्या मोजून आकडा नोंदवायचा आणि स्कॅननंतर पाने त्याच्याशी ताडून पाहायची. ही पायरी घाईत गाळली तर मुलाने लिहिलेले उत्तर हरवते, आणि ते कुठल्याही वेगाच्या बदल्यात परवडणारे नाही. पडद्यावरच्या तपासणीचा फायदाही खरा आहे: बेरीज चुकत नाही, प्रश्न तपासायचा राहिला तर प्रणाली अडवते.

2019 पासून अभियांत्रिकी, फार्मसी प्रवेशाची एमएचटी-सीईटी संगणकावर गेली. प्रश्न बहुपर्यायी, त्यामुळे जमले. दहावीच्या विज्ञानात ‘प्रकाशसंश्लेषण’ टाइप करायला इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर 14 कळा लागतात, त्यातल्या 4 शिफ्ट धरून. भूमितीच्या रचना आणि किरणाकृती वेगळ्याच. शिवाय राज्यात दहावीला दरवर्षी 15 लाखांच्या आसपास मुले बसतात. 30 संगणकांची लॅब दोन पाळ्यांत दिवसाला 60 मुले घेईल. म्हणजे एक पेपर एका दिवसात उरकायला 25 हजार लॅब. दिवस वाढवले तर पाळीगणिक प्रश्नपत्रिका वेगळी, आणि मग सीईटीसारखे पर्सेंटाइल काढणे आले.

विजेचाही भरवसा हवा. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा वाहिनीतल्या बिघाडानंतर मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली. मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या.

2021 मध्ये दहावीची परीक्षा रद्द होऊन निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागला. 2022 मध्ये ती कागदावरच परतली. दोन वर्षे मोबाइलसमोर बसलेल्या मुलांचा लिहिण्याचा सराव मोडला होता, म्हणून मंडळाने 70 ते 100 गुणांच्या पेपरला अर्धा तास जादा दिला.