स्कॅनमध्ये गाठ दिसली नाही, तरी पॅराथायरॉइडचा आजार असतो

पॅराथायरॉइडच्या आजारात एक गैरसमज रुग्णाला फार महागात पडतो. रक्तात कॅल्शियम वाढलेलं असतं, पॅराथायरॉइडचं संप्रेरक म्हणजे पीटीएचही वाढलेलं असतं, पण स्कॅनमध्ये गाठ दिसत नाही. मग गाठच नाही तर ऑपरेशन कशाचं, असं म्हणून विषय तिथंच मिटतो. पुढं वर्षानुवर्षं हाडं विरळ होत राहतात, मूतखडे होत राहतात. खरं तर आजाराचं निदान रक्ताच्या तपासणीतच झालेलं असतं. गाठ कुठं लपली आहे याचा अंदाज सर्जनला द्यावा, एवढ्यासाठीच स्कॅन असतो.

पॅराथायरॉइड ग्रंथी बहुतेकांना चार असतात. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या मागच्या बाजूला चिकटलेल्या, मसुराच्या दाण्याएवढ्या. थायरॉइडच्या शेजारी असल्या तरी त्यांचं काम अगदी वेगळं, ते म्हणजे रक्तातल्या कॅल्शियमवर पहारा. कॅल्शियम जरा कमी झालं की त्या पीटीएच सोडतात. हे संप्रेरक हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतं, मूत्रपिंडांना ते लघवीवाटे जाऊ देऊ नका असं सांगतं आणि ड जीवनसत्त्व क्रियाशील करून आतड्यातलं शोषण वाढवतं. कॅल्शियम पुरेसं झालं की पीटीएचचा स्राव आपोआप मंदावतो.

एखाद्या ग्रंथीत गाठ झाली की हा लगाम सुटतो. म्हणून रिपोर्ट वाचताना दोन्ही आकडे एकत्र पाहावे लागतात. समजा कॅल्शियम ११ मिलिग्रॅम आहे (नेहमीची वरची मर्यादा साधारण १०.५) आणि पीटीएच ‘नॉर्मल’ मर्यादेत आहे. कागदावर पीटीएचपुढं कसलीच खूण नसते, त्यामुळं सगळे निश्चिंत होतात. पण कॅल्शियम इतकं असताना निरोगी ग्रंथींनी जवळजवळ गप्प बसायला हवं होतं. तरीही पीटीएच ‘नॉर्मल’ असेल, तर ते त्या परिस्थितीत जास्तच आहे. हा मुद्दा समजला नाही म्हणून किती तरी रुग्ण थकवा, उदासी, विसराळूपणा, बद्धकोष्ठता या तक्रारी वयाच्या खात्यावर टाकून जगत राहतात.

निदान पक्कं करण्याआधी काही गोष्टी वगळाव्या लागतात. लिथियम आणि लघवी वाढवणारी थायझाइड गटातली औषधं कॅल्शियम वाढवू शकतात. एका आनुवंशिक स्थितीत ग्रंथी कॅल्शियमची पातळी मुळातच चुकीची ओळखतात. त्यात लघवीतलं कॅल्शियम कमी असतं आणि ऑपरेशनचा काही उपयोग होत नाही. म्हणून चोवीस तासांची लघवी तपासतात.

‘गाठ’ म्हटलं की मनात कर्करोग येतो. इथं त्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी आहे. दहापैकी आठांहून अधिक रुग्णांत एकाच ग्रंथीत साधी गाठ असते, बाकीच्या बहुतेकांत एकाहून अधिक ग्रंथी वाढलेल्या असतात.

गाठ सापडायला अवघड का जाते, याचं उत्तर गर्भात आहे. खालच्या दोन पॅराथायरॉइड ग्रंथी छातीतल्या थायमस ग्रंथीबरोबर तयार होतात आणि तिच्यासोबत खाली सरकतात. वाटेत कुठं थांबायचं याचा नेम नाही. चार्ल्स मार्टेल या अमेरिकी जहाजाच्या कॅप्टनच्या हाडांतलं कॅल्शियम इतकं गेलं होतं, की त्याची उंचीही बरीच घटली. मानेवर पुन्हा पुन्हा ऑपरेशनं झाली, गाठ मिळेना. अखेर १९३२ मध्ये सातव्या ऑपरेशनात ती छातीत सापडली. तोवर शरीर खचलं होतं, थोड्याच आठवड्यांत तो गेला. त्या काळी अशी गाठ आधी दाखवणारं कुठलंच साधन नव्हतं.

आज आहेत. सोनोग्राफी सोपी, किरणोत्सर्गाविना होते, पण छातीच्या हाडामागं तिची नजर पोहोचत नाही. सेस्टामिबी स्कॅनमध्ये शिरेतून टेक्नेशियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य असलेलं द्रव्य देतात. मुळात ते हृदयाच्या तपासणीसाठी वापरलं जायचं. मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, भरपूर असलेल्या पेशींत ते साचतं. थायरॉइडही ते घेते, पण लवकर सोडून देते. गाठ धरून ठेवते. म्हणून एक चित्र लगेच आणि दुसरं दोन-तीन तासांनी काढतात. गाठ लहान असली किंवा अनेक ग्रंथी वाढलेल्या असल्या, की हा स्कॅन बरेचदा चकतो. थायरॉइडमधल्या गाठीही त्याला फसवतात. फोर-डी सीटीमध्ये चौथी मिती काळाची असते: शिरेतून दिलेलं रंगद्रव्य गाठीत झपाट्यानं शिरतं आणि झपाट्यानं ओसरतं. कोलीन पेट स्कॅनची गोष्ट मला फार आवडते. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी स्कॅन करताना काही पुरुषांच्या मानेत अनपेक्षित ठिपका चमकला, आणि तो पॅराथायरॉइडच्या गाठीचा निघाला! सेस्टामिबीला न दिसलेल्या गाठी हा स्कॅन बरेचदा दाखवतो.

जागा कळली की लहानसा छेद पुरतो. पीटीएचचं रक्तातलं अर्धआयुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा वेळ, काही मिनिटांचंच असतं. त्यामुळं गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी रक्त तपासतात. पीटीएच निम्म्यावर किंवा त्याखाली आलं, तर काम झालं असं मानतात. नाही आलं, तर उरलेल्या ग्रंथी पाहायच्या. आणि स्कॅन कोरा आला तर चारही ग्रंथी शोधून पाहायच्या, जशा स्कॅन येण्याआधी पाहत असत. सराव असलेल्या सर्जनच्या हातून शंभरातले पंच्याण्णवहून अधिक रुग्ण बरे होतात. त्यामुळं आणखी एक स्कॅन करण्यापेक्षा ही ऑपरेशनं नेहमी करणारा सर्जन शोधणं अधिक मोलाचं, असं मला ठामपणे वाटतं. आवाजाची नस तिथूनच जाते, म्हणूनही हात सरावाचा हवा.

प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असं नाही. वय पन्नाशीच्या आत, कॅल्शियम मर्यादेपेक्षा एक मिलिग्रॅमहून जास्त, हाडांची झीज, मूतखडा, मूत्रपिंडाचं काम घटलेलं, यांपैकी काही असेल तर सहसा ऑपरेशनचा सल्ला देतात. नसेल तर नियमित तपासणी करत थांबता येतं. सिनाकॅल्सेट ही गोळी कॅल्शियम उतरवते, हाडं मात्र भरून काढत नाही. आपल्या मनानं आहारातलं कॅल्शियम बंद करू नये. त्यानं पीटीएच आणखी चढतं.

ऑपरेशननंतर उपाशी राहिलेली हाडं रक्तातलं कॅल्शियम ओढून घेऊ लागतात. ओठांभोवती, बोटांत मुंग्या आल्या तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. त्यासाठीच पहिले काही दिवस कॅल्शियमच्या गोळ्या देतात. सहा महिन्यांनी कॅल्शियम नॉर्मल असेल, तरच आजार बरा झाला असं म्हणतात, आणि ते ठरतं पुन्हा रक्ताच्या तपासणीवरच.