नागपूरभोवतालची शिळावर्तुळं आणि त्यात पुरलेल्या वस्तू

शिळावर्तुळ म्हणजे मोठमोठे दगड गोल रचून त्या गोलाच्या आत केलेलं दफन. ही पद्धत लोहयुगातली, काळ साधारण इ.स.पू. १००० ते ३०० असा धरतात, आणि दक्षिण भारतात अशा महापाषाणीय, म्हणजे मोठे दगड वापरून केलेल्या, दफनांचे बरेच प्रकार असले तरी विदर्भात मुख्यतः हाच एक प्रकार दिसतो. नागपूर जिल्हा तर यांनी भरलेला आहे: जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, भागीमोहारी, बोरगाव, हिंगण्याजवळचं रायपूर, आणखी कितीतरी. एकट्या जुनापाणीला ३०० च्या आसपास वर्तुळं, तीही काटोल रोडने शहराबाहेर पडलं की लगेच, तरी अर्ध्या नागपूरला याचा पत्ता नाही याचं वाईट वाटतं.

रचना साधी वाटते पण मेहनत प्रचंड आहे. काळे बेसाल्टचे धोंडे एकमेकांना लागून गोलात बसवायचे, मधे दफन करायचं, आणि वरून माती नि गोटे टाकून उंचवटा करायचा. बरेचदा पूर्ण सांगाडा मिळत नाही, थोडीच हाडं मिळतात, म्हणजे देह आधी दुसरीकडे ठेवून नंतर हाडं इथे आणली असावीत असं अभ्यासक मानतात. काही धोंड्यांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेत, ओळीत नाहीतर फुलीच्या आकारात. कापूस कमिशनर असलेल्या रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने जुनापाणीची वर्तुळं खोदली आणि १८७९ मध्ये त्यावर लिहिलं, त्यात या खळग्यांचीही नोंद आहे. त्याला मिळालेल्या लोखंडी वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या.

पद्धतशीर उत्खनन झालं ते स्वातंत्र्यानंतर. १९६१-६२ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी जुनापाणीला, मग पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खाप्याला आणि १९७० नंतर माहुरझरीला, पुढे त्याच दशकाच्या शेवटी देव आणि अरविंद जामखेडकर यांनी नायकुंडला. आज आपल्याला जे काही माहिती आहे त्यातलं बरंचसं या खोदकामांतून आलंय.

आता वस्तू. सगळ्यात जास्त लोखंड. कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या, खिळे, पळ्या, भाल्याची टोकं. कुऱ्हाडींना दांड्यावर घट्ट बांधायला आडव्या लोखंडी पट्ट्या असतात, ही इथल्या लोहारांची खास खूण. हे सामान बाहेरून आणलेलं नव्हतं, नायकुंडला पेंच नदीजवळच्या वस्तीत लोखंड गाळायची भट्टीच सापडली, बाकदार विटांची, सोबत भात्याची मातीची नळी आणि लोखंडाचा मळ, म्हणजे खनिज वितळवण्यापासून कुऱ्हाड घडवेपर्यंत सगळं काम इथेच व्हायचं. लोखंड तेव्हा किती कष्टाने मिळत असेल, तरी ते मेलेल्या माणसासोबत कायमचं पुरून टाकायचे. मला तर सगळ्या सोन्यानाण्यापेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

दुसरी मोठी गोष्ट घोडा. जुनापाणी, माहुरझरी, खापा, नायकुंड अशा बऱ्याच ठिकाणी माणसाबरोबर घोड्याची हाडं मिळालीत, माहुरझरीच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत, म्हणजे मालकासोबत त्याचा घोडा मारून पुरला असावा. लगामाचा तोंडात जाणारा लोखंडी भाग सापडतो, आणि तांब्याच्या पत्र्याचे तोंडावर बांधायचे दागिने पण, पोळ्याला आपण बैलाला सजवतो तसं ते घोड्याला सजवूनच शेवटच्या जागी न्यायचे. घोडा आणि शस्त्रं प्रत्येक वर्तुळात नसतात, त्यामुळे मान सगळ्यांना सारखा नव्हता हे उघड आहे.

बाकी मग काळी-तांबडी भांडी, अभ्रकाच्या चुऱ्याची चमक असलेली तांबडी भांडी, तांब्याच्या बांगड्या, पक्षी बसवलेली तांब्याची झाकणं, थोडं सोनं. मणी मात्र वेगळे सांगायला हवेत कारण माहुरझरी हे पुढेही कित्येक शतकं मणी बनवणारं गाव राहिलं. कार्नेलियन (तांबूस दगड), अगेट (अकीक), क्रिस्टल (स्फटिक) यांचे, आणि कार्नेलियनवर पांढरी नक्षी उठवलेले मणी.

एक अडचण अशी की दफनं शेकडोंनी माहिती आहेत पण ती करणाऱ्यांची घरं फार थोड्या ठिकाणी सापडलीत. टाकळघाटला वस्ती आणि खाप्याला दफनं अशी जोडी मिळाली, नायकुंड आणि भागीमोहारीलाही वस्ती मिळाली, म्हणून या जागांना एवढं महत्त्व. त्या वस्त्यांवरून ही माणसं शेती आणि गुरं दोन्ही सांभाळणारी होती असं दिसतं, नुसती भटकी नव्हती.

वस्तूपेक्षा ती कुठे, कशाशेजारी, कोणत्या बाजूला ठेवली होती यातूनच जास्त कळतं. म्हणून शेतात नाहीतर लेआउट पाडताना जेसीबीने गोल उखडला आणि कुऱ्हाड हाती आली तरी तिचं अर्धं सांगणं गेलेलं असतं. शेती, रस्ते, गिट्टीखदानी आणि वाढतं शहर या सगळ्यांनी बरीच वर्तुळं गेली. जुनापाणीची जागा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात आहे, पण जिल्ह्यात विखुरलेल्या कितीतरी वर्तुळांवर आज कोणाचंच लक्ष नाही. शेतात असा गोल दिसला तर धोंडा हलवू नये आणि तहसीलला नाहीतर पुरातत्त्व खात्याला कळवावं.