क्लिनिकल केमिस्ट्री फेलोशिप

रक्त, लघवी आणि शरीरातील इतर द्रवांमधले रासायनिक घटक मोजून निदानाला आधार देणाऱ्या शास्त्रातील, पीएच.डी. किंवा एम.डी. नंतरचे प्रत्यक्ष प्रयोगशाळेतील प्रशिक्षण. संशोधन करून आलेल्याला रेणू ठाऊक असतो, पण रुग्ण नवा असतो. डॉक्टरला रुग्ण ठाऊक असतो, पण यंत्राच्या आत काय चालते ते नवे असते. ही दोन्ही अंगे एका माणसात आणण्यासाठी हे प्रशिक्षण आहे.

अमेरिकेत ते साधारण दोन वर्षांचे असते. अशा कार्यक्रमांना 'कॉमॲक' हा आयोग मान्यता देतो आणि पुढे अमेरिकन बोर्ड ऑफ क्लिनिकल केमिस्ट्रीची परीक्षा द्यावी लागते. भारतात मुख्य वाट एमबीबीएसनंतर तीन वर्षांच्या एम.डी. (जीवरसायनशास्त्र) पदवीची, एम.एस्सी., पीएच.डी. करून प्रयोगशाळेत आलेलेही पुष्कळ आहेत. महाराष्ट्रातील वैद्यकीय पदव्या देणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. त्याचे मुख्यालय नाशिकला म्हसरूळ येथे आहे.

प्रशिक्षणाचा रोजचा पाया म्हणजे क्यूसी, अर्थात गुणवत्ता नियंत्रण. रुग्णांची सॅम्पल लावण्याआधी कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच ठाऊक असलेली सॅम्पल, चालवायचे, त्यांचे आकडे लेव्ही-जेनिंग्ज तक्त्यावर मांडायचे आणि वेस्टगार्ड नियमांनी (१९८१) यंत्र भरकटले आहे का ते ठरवायचे. बाहेरची पडताळणीही असते. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज देशभरातील प्रयोगशाळांसाठी ती चालवते. हे सगळे शिकता येते. खरा कस लागतो तो कंट्रोल बरोबर असताना रुग्णाचा आकडा विचित्र येतो तेव्हा.

पोटॅशियमचेच घ्या. प्रौढात ते साधारण ३.५ ते ५ मिलिमोल प्रतिलिटर असते. नाशिक जिल्ह्यातल्या पेठहून सकाळी काढलेले रक्त सिरम (गोठलेल्या रक्तातून सुटणारा द्रव) वेगळे न करताच बर्फाच्या डब्यातून दुपारी नाशिकला पोचले आणि आकडा ६.८ आला, तर तो खरा मानायचा का? थंडीत पेशीतले पोटॅशियम आत राखणारा पंप मंदावतो आणि ते हळूहळू बाहेर झिरपते; सिरम लाल दिसत नसले तरी हे घडलेले असू शकते. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या, पोटॅशियमयुक्त रसायनाच्या) जांभळ्या बल्बमधले रक्त चुकून साध्या बल्बमध्ये ओतले गेले असेल, तर पोटॅशियम वाढण्याबरोबर कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइमही घसरते. रुग्ण मूत्रपिंडाचा असेल तर मात्र तोच आकडा खरा आणि जीवघेणा ठरतो. म्हणून फेलोने कॅल्शियम पाहायचे, रक्त किती वाजता काढले ते विचारायचे, वॉर्डात किंवा ग्रामीण रुग्णालयात स्वतः फोन करायचा आणि लगेच नवे सॅम्पल मागवायचे. 'कृपया पुन्हा तपासणी करावी' एवढा शेरा मारून मोकळे होणे हे या कामात बसत नाही.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आदिवासी भागांतून येणाऱ्या एचबीए१सी तपासणीत, म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेवरून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या तपासणीत, वेगळी सावधगिरी लागते. निरोगी माणसात तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णात बहुधा १० ते २०. साखर चिकटायला वेळच मिळत नाही, त्यामुळे मधुमेह असूनही आकडा कमी येतो. एचपीएलसीच्या (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या) आलेखावर एचबी एसचे, म्हणजे सिकलसेलच्या हिमोग्लोबिनचे, जादा शिखर दिसले की नुसता टक्का छापून पाठवू नये. फ्रुक्टोसामीन (रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर) किंवा थेट साखर मोजण्याचा सल्ला रिपोर्टवर लिहावा. कुटुंबाच्या तपासणीची सुरुवातही कधी कधी याच शिखरापासून होते.

निफाड आणि दिंडोरी हा द्राक्षांचा पट्टा. फवारणीच्या ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकाची विषबाधा झाल्याचा संशय आला की सिरम कोलिनेस्टरेज मागवले जाते; या विषाने हे एन्झाइम घटते. या तपासणीची अडचण अशी, की निरोगी माणसांतही त्याची पातळी बरीच वेगवेगळी असते. यकृताच्या आजारात आणि काहींमध्ये आनुवंशिक कारणाने ती मुळातच कमी असते. एखाद्याची नेहमीची पातळी वरच्या टोकाला असेल, तर ती निम्म्यावर येऊनही रिपोर्ट 'नॉर्मल' दिसू शकतो. त्यामुळे तुलना त्याच माणसाच्या आधीच्या आकड्याशी करणे सर्वांत विश्वासाचे. फवारणीचा हंगाम सुरू होण्याआधी मजुरांची ही पातळी एकदा मोजून नोंदवून ठेवणे नाशिकसारख्या जिल्ह्यात फार मोलाचे आहे, आणि इथे शिकणाऱ्या फेलोला प्रकल्प म्हणून देण्याजोगे काम ते हेच.