गाडीला दिसलं होतं

शोरूममधला विक्रेता हल्ली बिनदिक्कत सांगतो, "साहेब, ही गाडी स्वतःच चालते." त्यावर सोलापूरकराचं उत्तर ठरलेलं: "आधी नवी पेठेतनं काढून दाखवा." पैज सोलापूरकरच जिंकेल. कारण मात्र तो चुकीचं देतो: "अंधारात, गर्दीत यंत्राला दिसणार कसं?"

दिसतं की! लायडार हे उपकरण अदृश्य लेसरचे ठोके सोडतं आणि ते आपटून परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतं. ६० मीटरवर जाऊन परतायला प्रकाशाला अवघा ०.४ मायक्रोसेकंद पुरतो. दिवस-रात्रीशी त्याला देणंघेणं नाही.

घोडं अडतं ते पुढं. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टेम्पी शहरात उबरच्या चाचणी-गाडीनं रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं. तपासात निघालं की धडकेच्या ५.६ सेकंद आधी, म्हणजे शंभर मीटरहून लांबून, गाडीला ती दिसली होती. मग झालं काय? वस्तू आधी कुठं होती, आता कुठं आहे, या नोंदी जोडून गाडी तिची पुढची वाट ताडते. त्यासाठी वस्तूला नाव लागतं, कारण मोटार आणि सायकल यांच्या चाली वेगळ्या. इथं नाव ठरेना. कधी मोटार, कधी सायकल, कधी 'इतर'. आणि नाव बदललं की वाट ताडताना जुन्या नोंदी बाद! बाई सरळ रेषेत चालत होती, पण गणित प्रत्येक वेळी शून्यापासून. 'पादचारी' हे नाव तर तिला मिळालंच नाही, कारण झेब्रा क्रॉसिंग सोडून कुणी रस्ता ओलांडेल हे त्या प्रणालीत गृहीतच धरलं नव्हतं.

आता गाळप हंगामातली रात्र घ्या. दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, वाढ्यांचे झुपके दोन्ही बाजूंनी रस्त्यावर लोंबलेले. वाहन, झाड की चालतं शेत? आपल्या ड्रायव्हरला नाव ठरवावं लागत नाही, तो आधीच वेग कमी करतो. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत उंचच उंच काठीचा नंदीध्वज पेलत येणारा माणूस कुठल्या खान्यात टाकायचा, हे तर विचारूच नका.

स्वयंचलनाच्या पातळ्या शून्य ते पाच: शून्यात सगळं माणूस करतो, पाचात सगळं गाडी. आपल्याकडं 'एडास', म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा, म्हणून जे खपतं ते फार तर दुसरीतलं, नजर रस्त्यावर मालकानंच ठेवायची. नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधणं आणि जाहिरातीतलं 'एआय' वाचून निर्धास्त होणं, दोन्हींची जातकुळी एकच.

२०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, गाड्या माणसंच चालवत होती. तरी यंत्राची एक चूक आपल्याला जास्त झोंबते. अमेरिकन अभियंते चॉन्सी स्टार यांनी १९६९ मध्येच हिशेब मांडला होता: स्वतः ओढवून घेतलेला धोका लोक लादलेल्या धोक्याच्या सुमारे हजारपट चालवून घेतात. ट्रिपल सीट, कानाला मोबाइल हे चालतं, कारण हँडल आपल्या हातात! नितीन गडकरींनी २०१७ मध्ये चालकाविना गाड्यांना नकार दिला तो मात्र रोजगारासाठी. पुणे-सोलापूर मार्गावर ट्रक हाकणाऱ्याला विचारलं, तर त्याचीही पहिली तक्रार हीच असेल.