आइसलँडला सेल्फ-ड्राइव्ह: व्हिसा, आयडीपी (परदेशात गाडी चालवायचा परवाना) आणि जिथे फाइल अडते त्या जागा

आइसलँडचा वेगळा टुरिस्ट व्हिसा नसतो, शेंगेनच (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एक व्हिसा) काढायचा असतो, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. तरी ठाणे-नवी मुंबईतल्या लोकांच्या फाइली परत येतच असतात, आणि बघितलं तर कागद भरपूर जोडलेले असतात पण एकाची तारीख दुसऱ्याशी जुळत नसते.

म्हणून आधी महिना ठरवा. आपल्याकडे शाळेची सुट्टी म्हणजे मे, त्यामुळे सगळ्यांना मे हवा असतो आणि त्यात नॉर्दर्न लाइट्स (रात्रीच्या आकाशातले रंगीत प्रकाशपट्टे) पण हव्या असतात. मे मध्ये तिकडे रात्री नीट अंधारच होत नाही, लाइट्स विसरा. आतल्या डोंगराळ भागातले एफ-रोड साधारण जूनच्या शेवटाशिवाय उघडत नाहीत आणि उघडले तरी फोर बाय फोर लागते. पफिन हे समुद्रपक्षी दिसतील, बेटाला वळसा घालणारा रिंग रोड (सुमारे १,३२२ किमी) आरामात होईल, तेवढ्यावर समाधान मानायचं. लाइट्सच बघायच्या तर दिवाळीची सुट्टी बरी, फक्त उत्तरेला रस्त्यावर बर्फ लागू शकतो. डिसेंबरात रेक्याविकला चार-पाच तास उजेड असतो, तेव्हा रोज ४०० किमी चालवणार असा प्लॅन लिहून देऊ नका, वाचणाऱ्याला कळतं की एजंटने कॉपी-पेस्ट केलंय.

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. हा १५ चा आकडा लोकांचा घात करतो. १५ दिवसांत निर्णय देणं हा नियम आहे खरा, पण एखादी फाइल ४५ दिवसांपर्यंत लांबवायची मुभा व्हिसा देणाऱ्यांना आहे, आणि अपॉइंटमेंटचा स्लॉट कधी मिळेल ते वेगळंच. अडीच-तीन महिने हातात ठेवा. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ च्या आतल्या मुलांना ४५, त्याहून लहान फुकट, अर्ज घेणाऱ्या व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज वर. जाताना कोपनहेगनला (डेन्मार्क, तोही शेंगेनमध्येच) दोन दिवस थांबणार असलात तरी जास्त मुक्काम आइसलँडला असेल तर अर्ज आइसलँडलाच.

पासपोर्ट गेल्या १० वर्षांतला, परत निघायच्या तारखेनंतर ३ महिने चालणारा, दोन पानं कोरी. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा. इथे लोक पॉलिसी हॉटेलच्या चेक-आउटच्या तारखेला संपवतात आणि विमान दुसऱ्या दिवशी पहाटेचं असतं, म्हणजे एक दिवस विम्याशिवाय.

राहण्याचं बुकिंग प्रत्येक रात्रीचं दिसलं पाहिजे. कॅम्परव्हॅन (आत झोपायची सोय असलेली गाडी) घेतली म्हणून हॉटेल लागत नाही असं समजून नुसती व्हॅनची पावती लावतात, पण तिकडे कुठेही गाडी लावून झोपायला बंदी आहे, कॅम्पसाइटलाच थांबावं लागतं, तेव्हा कुठल्या रात्री कुठली कॅम्पसाइट ते लिहून द्या. बँक स्टेटमेंटमध्ये शेवटच्या आठवड्यात मामाकडून आलेले चार लाख लगेच डोळ्यात भरतात. पैसे खरंच मामा देत असतील तर तसं पत्र लावा ना, लपवायचं कशाला?

आता तो कागद जो कोणाकडेच नसतो. मुलगा आई-बाबांना घेऊन चाललाय, आईचा पासपोर्ट सासरच्या नावाने, बँकेतलं जुनं खातं माहेरच्या नावाने, आणि लग्नाचा दाखला म्हटलं की दोघं एकमेकांकडे बघतात. ऐंशीच्या दशकातलं लग्न, नोंदणी कोणी केली होती! पासपोर्टच्या शेवटच्या पानावर नवऱ्याचं नाव असेल तर बऱ्याचदा भागतं, पण नावातच फरक असेल तर दाखला काढून टाका. ठाण्यात प्रभाग समितीचं ऑफिस, नवी मुंबईत विभाग कार्यालय, उशिरा नोंदणी होते, दंड थोडासा असतो. तीन साक्षीदार लागतात आणि लग्नपत्रिका मागतात. पत्रिका नसली तर अॅफिडेव्हिट करा, खिडकीवरचा माणूस 'उद्या या' म्हणेल, तुम्ही कुठला कागद कमी आहे ते त्याच्याकडून लिहूनच घ्या.

व्हिसा आला की स्टिकर लगेच वाचा. त्यावर कधीपासून कधीपर्यंत हे एक असतं आणि किती दिवस राहता येईल हा आकडा वेगळा असतो. दोन तारखांमध्ये वीस-पंचवीस दिवसांचं अंतर दिसलं म्हणून मुक्काम वाढवू नका, चालतो तो दिवसांचाच आकडा, आणि त्यात पोहोचल्याचा आणि निघाल्याचा दिवसही धरतात.

मग आयडीपी. परिवहनच्या सारथी पोर्टलवर फॉर्म ४ए, फी १,००० रुपये, राहत्या पत्त्याचं आरटीओ, म्हणजे ठाण्याला एमएच-०४, वाशीला एमएच-४३. सहसा व्हिसाची कॉपी मागतात, म्हणून व्हिसा ते विमान यात आठ-दहा दिवस तरी ठेवा. सगळ्यात जास्त अडकतं फॉर्म १ए वर, म्हणजे डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर. सोसायटीखालचे डॉक्टर सही करून देतात पण शिक्क्यात रजिस्ट्रेशन नंबर नसतो, आणि तुमची अर्धी सुट्टी गेली. दवाखान्यातून निघायच्या आधी शिक्का बघा. आयडीपी एक वर्ष चालतो, पण ओरिजिनल लायसन्स सोबत न्याच, त्याच्याशिवाय गाडीची किल्ली कोणी देणार नाही.