कर्णबधिरांच्या शाळेत ऑडिओलॉजिस्ट आला कसा

कर्णबधिर मुलांच्या शाळेत ऑडिओलॉजीची, म्हणजे श्रवणशक्ती तपासण्याची, खोली असली, तर ती वर्गांपेक्षा वेगळी दिसते. जाड दार, आवाज शोषून घेणाऱ्या भिंती, मध्ये एक छोटी काच. आत हेडफोन लावून बसलेले मूल आवाज जाणवला की डब्यात एक ठोकळा टाकते आणि काचेपलीकडची व्यक्ती कागदावर एक खूण करते. हे काम जुने वाटते, पण तसे नाही. कर्णबधिरांच्या शाळा अठराव्या शतकापासून आहेत. ऑडिओलॉजी हा व्यवसाय दुसऱ्या महायुद्धानंतरचा.

तोवर शाळेत कान तपासणारा माणूस म्हणजे डॉक्टर. पॅरिसच्या राष्ट्रीय मूकबधिर संस्थेत 1800 साली जाँ-मार्क इतार हा तरुण वैद्य रुजू झाला. त्याने विद्यार्थ्यांच्या कानांवर जे उपचार केले, ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. विजेचे झटके दिले, जळवा लावल्या, कानाचे पडदे भोसकले. मुले ऐकू लागली नाहीतच. अखेर वैद्यकाचा इथे उपयोग नाही, अशा निष्कर्षाला तो आला. पण याच इतारने मोजक्या मुलांना घंटा आणि ढोल ऐकवून आवाजातला फरक ओळखायला शिकवले, आणि बहिरेपणाच्या पायऱ्या लावून पाहिल्या. उपचारांपेक्षा त्याची ही बाजू पुढे टिकली.

तिथून पुढे 1880च्या सप्टेंबरात मिलान इथे शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. खुणांची भाषा बाजूला ठेवून मुलांना फक्त बोलून शिकवावे, असा ठराव तिने केला. दीडशेहून अधिक प्रतिनिधींमध्ये कर्णबधिर व्यक्ती एकच होती. ज्यांच्या हातातली भाषा काढून घ्यायची, त्यांना विचारलेच नाही, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोठे अन्यायाचे पान वाटते. भारतात याच दशकात मुंबईला माझगावात बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने मूकबधिरांची शाळा उघडली. देशातली ही पहिली शाळा मानली जाते. आपल्याकडच्या शाळांवरही बोलण्याच्या आग्रहाची छाया दीर्घकाळ राहिली.

बोलायला शिकवायचे, तर मुलाला मुळात काही ऐकू येते का, हा प्रश्न टाळता येत नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी म्युनिकमध्ये फ्रिडरिश बेत्सोल्ड या कानाच्या डॉक्टराने नादकाटे आणि शिट्ट्या घेऊन तिथल्या शाळेतल्या मुलांचे कान एकेका सुरासाठी तपासले. ‘पूर्ण बहिरी’ म्हणून दाखल झालेल्या अनेक मुलांना काही सूर ऐकू येत होते. व्हिएन्नात उर्बानचिच या कानाच्या डॉक्टराने अशा उरलेल्या श्रवणशक्तीला सराव देऊन पाहिले. प्रश्न ‘ऐकू येते का?’ यावरून ‘कोणत्या सुरात, किती?’ यावर आला, तो इथे. शाळेतल्या ऑडिओलॉजिस्टचे सारे काम या दुसऱ्या प्रश्नावर उभे आहे.

मराठीपुरते पाहा. ‘म’, ‘ब’ आणि स्वर यांची ताकद बरीचशी खालच्या सुरांत असते. ‘स’, ‘श’ वरच्या सुरांत. खालचे सूर शाबूत असलेल्या मुलाला ‘मामा’ बऱ्यापैकी कळतो, आणि ‘ससा’ मात्र नुसता ‘अआ’ होऊन पोचतो. पाठीमागून टाळी वाजवून पाहणाऱ्या घरच्यांना हा फरक कधीच कळत नाही. मूल वळून बघते, म्हणून ‘याला ऐकू येते, लक्ष देत नाही’ असा शिक्का बसतो.

हे सारे आकड्यांत मांडणारा विजेवरचा ऑडिओमीटर 1920च्या दशकात बाजारात आला. दुसऱ्या महायुद्धात श्रवणशक्ती गमावलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेत खास रुग्णालये उभी राहिली, आणि तिथे काम केलेल्या रेमंड कारहार्ट यांच्यासारख्यांनी युद्धानंतर ऑडिओलॉजीला स्वतंत्र विद्याशाखेचे रूप दिले. भारतात म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था 1965ची. मुंबईतही नायर रुग्णालयात त्याच दशकात हे शिक्षण सुरू झाले. वांद्र्याची अली यावर जंग संस्था 9 ऑगस्ट 1983ला स्थापन झाली, आणि 1992च्या भारतीय पुनर्वसन परिषद कायद्याने या व्यवसायाला नोंदणीची चौकट मिळाली. माझगावची शाळा तोवर शंभरी ओलांडून गेली होती.

शाळेत आल्यावर ऑडिओलॉजिस्टच्या वाट्याला आले ते बरेचसे देखभालीचे काम. छातीवर बांधलेले खिशातले श्रवणयंत्र, त्याची तुटणारी वायर, संपलेला सेल. मूल वाढते तसा कानही वाढतो, कानात बसवलेला यंत्राचा साचा सैल होतो आणि यंत्र शिटी वाजवू लागते. मग नवा साचा. पावसाळ्यात दमटपणा यंत्रात शिरतो. यात शौर्य काही नाही, पण सेल संपलेले यंत्र कानात घालून बसलेल्या मुलासाठी त्या दिवशीचा बोलून शिकवलेला धडा झालेलाच नसतो. शस्त्रक्रियेने कानाच्या आत बसवायचे कॉक्लिअर इम्प्लांट आले तरी बाहेरच्या भागाची ही काळजी सुटलेली नाही.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत 70 डेसिबल किंवा जास्त श्रवणदोष म्हणजे बधिर, 60 ते 70 म्हणजे कमी ऐकू येणारा. प्रमाणपत्रासाठी हा आकडा लागतो. मुलाने कोणत्या भाषेत शिकावे, हे मात्र अनेक वर्षे अशाच आकड्यांवरून ठरवले गेले आणि मला ते मान्य नाही. 2010मध्ये व्हँकुव्हरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानचे ठराव फेटाळले आणि खेद व्यक्त केला. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत स्वतंत्र केंद्र 2015मध्ये उभे राहिले.

त्या छोट्या खोलीत तर सांकेतिक भाषेची गरज रोजच भासते. चाचणीआधी मुलाच्या कानातले यंत्र काढून ठेवावे लागते. आवाज आला की ठोकळा टाक, नाही आला तर थांब, एवढे समजावून सांगायचे, तर ऑडिओलॉजिस्टला ते हातांनीच सांगावे लागते.